जे पाहिलं तेवढंच

औरंगाबादेत समुद्र नाही. खाम नदी आहे, पण तिच्यात उन्हाळ्यात म्हशीसुद्धा धड डुंबत नाहीत. तरी औरंगपुऱ्याच्या आमच्या गल्लीत एक जहाजवाले होते. बशीरचाचा. त्यांची नानरोट्यांची भट्टी होती, आणि दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या एका मालाच्या जहाजावरून ते जिवंत परत आले होते. गल्लीत नवा माणूस आला की लोक त्याला आधी चाचांचं घर दाखवायचे, कारण त्या घराला दार नव्हतं.

म्हणजे चौकट होती, उंबरा होता, कडी अडकवायचं गोल कडंसुद्धा होतं. फळ्या तेवढ्या नव्हत्या. जहाजावरून आल्यावर चाचांनी त्या स्वतः उतरवल्या, फोडल्या आणि भट्टीत घातल्या. थंडीत एक पोतं टांगायचे, बस्स. एकदा मी न राहवून विचारलं, "चाचा, चोर आला म्हणजे?"

"आने दो ना बाई. आया सो आदमी कू जाने का रस्ता भी होना कि नक्को?"

मी नाशिककडची. लग्न होऊन निजामाच्या राज्यात आले तेव्हा मला इथलं काहीच उमगत नसे. यजमान अदालतीत कारकून, दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी आल्यावर अर्धा तास मराठीत चाचपडायचे. आमच्या घरात चाचांच्या रोट्या चालत नसत. वास मात्र चालायचा, आणि तो आमच्या खिडकीतून बिनदिक्कत आत यायचा. माझी आणि चाचांची ओळख त्या वासावरूनच झाली. "बाई, आज खमीर जरा जास्त आंबला, माफ करना," असं ते रस्त्यापलीकडून सांगायचे, जणू मी त्यांचं गिऱ्हाईकच होते.

माणूस दिसायला किरकोळ. ठेंगणा, टकला, भट्टीत वाकून वाकून भुवया कायमच्या जळालेल्या. त्यामुळे चेहऱ्यावर सदा थोडं आश्चर्य असायचं. परत आल्यापासून चालताना पाय फाकून टाकायचे. जमीन कधी हलेल याचा भरवसा नसल्यासारखे. पाणी मात्र बसूनच प्यायचे. पहिला घोट बराच वेळ तोंडात धरून ठेवायचे. त्या वेळात त्यांना कुणी काही विचारलं तर बोट वर करून थांबायला सांगायचे, मग तो समोरचा माणूस सरकारी अंमलदार का असेना.

लोकांना त्यांच्याकडून समुद्राच्या गोष्टी हव्या असत. रोट्या घ्यायला आलेली मंडळी मुद्दाम रेंगाळायची. चाचा सगळ्यांची साफ निराशा करायचे.

"चाचा, हत्तीएवढे मासे पाहिले असतील तुम्ही!"

"मछली? मियाँ, मैं बावर्चीखाने में था. मैंने दाल देखी. पकी हुई मछली देखी, वो इत्तीच होती."

"बरं, समुद्र केवढा?"

"अपनी खाम नदी है ना, वैसाच. बस दूसरा किनारा बनाना भूल गए अल्लामियाँ."

एवढंच. दुसऱ्या कुणी असं संकट पाहिलं असतं तर औरंगाबादसारख्या कोरड्या शहरात आयुष्यभर फुकट चहा प्याला असता. चाचांना थाप मारताच यायची नाही. एकदा यजमानांनी त्यांना एका भांडणात साक्षीला नेलं होतं. वकिलानं विचारलं, "लाठी कुणी मारली?" चाचा म्हणाले, "मैंने लाठी वर जाताना देखी, और सर फूटा हुआ देखा. बीच में मेरी रोटी जल रही थी." यजमान त्या दिवशी घरी येऊन पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "असे चार साक्षीदार मिळाले तर अदालतीचं निम्मं काम कमी होईल. आणि निम्मे वकील उपाशी मरतील."

त्यांचा शब्द गल्ली मानत असे, त्याचं कारण हे होतं. एका उन्हाळ्यात नहरीचं, शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या भुयारी कालव्याचं, पाणी आटलं. गल्लीच्या हौदात करंगळीएवढी धार पडायची आणि घागरींची ही रांग. हिंदू, मुसलमान, बाया, भिस्ती, सगळे एकमेकांच्या अंगावर. एका सकाळी घागर फुटली, झिंज्या धरल्या गेल्या. चाचा आले आणि हौदाच्या कठड्यावर उकिडवे बसले. हातात काही नाही, घागर नाही की तांब्या नाही. नुसतं बोट करून सांगायचे, आता ही, आता ती. कुणाच्या घागरीला शिवले नाहीत, कुणाला ओरडले नाहीत. भांडण निवलं. शेवटची घागर गेली आणि धार बंद पडली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरी पाणी नव्हतं. मी त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला गेले तर म्हणाले, "भंडारी आखिर में खाता, बाई. आदत है."

भंडारी म्हणजे जहाजावरचा खलाशांचा स्वयंपाकी. जहाज बुडाल्यावर जीव वाचवायच्या बोटीत पाण्याचा डबा त्यांच्याच हाती दिला होता, हे मला पुढे कळलं. डब्याचं झाकण भरून एकेकाला द्यायचं. सगळ्यांचे डोळे त्या हातावर. चाचा सांगायचे, "उन दिनों में मेरा हाथ मेरा नहीं था." हे ते सांगायचे तेव्हा हात पालथे करून पाहायचे.

आता गणपतचं सांगते, कारण चाचा खरे काय होते ते गणपतमुळे कळलं.

गणपत बिडकिनाकडचा. पाऊस रुसला म्हणून शहरात आला आणि चाचांच्या भट्टीवर लाकडं फोडायला राहिला. उंच, हसरा, डोक्याला पांढरा पटका. बायको चंद्रभागा. दोघं आमच्याच बाजूला, चाचांच्या घरासमोरच्या एका खोलीत राहायची. लढाईत जहाजांना माणसं हवी होती. चाचा तरुणपणी मुंबईला जहाजावर काम करून आलेले, ते पुन्हा निघाले. गणपत म्हणाला, मीबी येतो. चंद्रभागा नको म्हणत होती. चाचांनीच तिला शब्द दिला, "मेरे साथ जाता, मेरे साथ आता." गणपतला जहाजावर आगवाल्याचं काम मिळालं, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं. भट्टीपुढचा माणूस भट्टीपुढंच गेला.

पुढे बराच काळ खबर नाही. लढाईत कोण कुणाला खबर देतो? आणि मग एका दुपारी टांगा थांबला, त्यातून चाचा उतरले. एकटे. अंगात ताप, डोळे आत गेलेले. चंद्रभागा अनवाणी धावली. "चाचा, आमचं मानूस कुटंय?"

चाचा टांग्याचं चाक धरून उभे होते. म्हणाले, "परसों तक मेरे साथ था, बेटी." आणि तिथंच कोसळले.

इथं आमच्या शहराची एक गंमत सांगायला हवी. दख्खनी बोलणाऱ्यांचं 'परसों' म्हणजे आपलं परवा नव्हे. गेलेला कुठलाही दिवस परसोंच. धोब्यानं महिन्यापूर्वी नेलेले कपडे परसों नेलेले असतात. मी नवीन असताना एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं मला सांगितलं की त्याचे अब्बा परसों वारले. मी हळहळले, काही लागलं तर सांगा म्हणाले. अब्बांना जाऊन वीसेक वर्षं झाली होती. त्याला माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून इतकं बरं वाटलं की अत्तराचा फाया फुकट दिला.

चंद्रभागा खेड्यातली. तिच्या कानांनी परवा ऐकलं. ती गल्लीभर मराठीतून सांगत सुटली, "परवापोत्तर संगं व्हते! म्हंजी ममईला उतरलेत. दवाखान्यात असतील. येतीलच." आम्हीही ते मराठीतूनच ऐकलं, त्यामुळे कुणाच्या डोक्यात शंका आली नाही. चाचा तापात बरळत पडले होते, विचारणार कुणाला? तिनं खोली सारवली. दारावर आंब्याचा टहाळा बांधला. हातभर हिरवा चुडा भरला. रोज गाडीच्या वेळेला स्टेशनावर जाऊन उभी राहायची आणि परत येऊन म्हणायची, "आज न्हाई. उद्या." मी तिला लाडू वळायला मदत केली. किती आनंदात होती पोर!

ताप उतरला आणि चाचांनी डोळे उघडले, तेव्हा यजमान त्यांच्या खाटेशी बसले होते. चाचांना समोरचा टहाळा दिसला. "उसके घर क्या है?" यजमान म्हणाले, "गणपत यायचाय ना. तुम्हीच म्हणालात, परवापर्यंत बरोबर होता."

यजमान सांगत, चाचांनी कपाळावर हात मारला तो आवाज बाहेरपर्यंत गेला. कुणी धरायच्या आत ते उठले. भिंत धरत, चौकट धरत, रस्ता ओलांडून तिच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर खालीच बसले. ती हसत पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बेटी, मेरे परसों कू परसों मत समझ. मेरी जबान जल जाए. बारिश के पहले की बात है."

चंद्रभागेनं तांब्या खाली ठेवला. बाहेर तेव्हा ज्वारी काढणीला आली होती.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मी माझ्या खिडकीत होते, मलाही ऐकू आलं. दिवस मावळायला आला होता, चाचा जहाजाच्या बावर्चीखान्यात कणीक मळत होते. खाली काहीतरी आदळलं, भांडी अंगावर आली. शत्रूच्या पाणबुडीनं पाण्याखालून तीर सोडला होता. जहाज कललं आणि बावर्चीखान्याचं दार चौकटीत रुतून बसलं. चाचा आतून लाथा मारताहेत, दार हलत नाही. बाहेरून गणपतचा आवाज आला, "चाचा, मागं सरा!" त्यानं कोळशाच्या फावड्यानं बिजागऱ्या उखडल्या. दोघं वर आले. पहिल्या बोटीत एकाचीच जागा उरली होती. गणपतनं चाचांच्या पाठीत हात घालून त्यांना आत ढकललं. तो दुसऱ्या बोटीत चढला. दोन्ही बोटी पाण्यावर उतरल्या तेव्हा तो उभा राहून पटका हलवत होता, ओरडत होता, "चाचा, मी हितं हाय!" मग अंधार पडला. सकाळी दुसरी बोट दिसली नाही.

"इतनाच देखा," चाचा म्हणाले.

"म्हंजी बुडाले?"

"डूबते नहीं देखा."

"मंग जित्ते हायेत?"

"वो भी नहीं देखा, बेटी."

त्या दिवसानंतर 'परसों' हा शब्द चाचांच्या तोंडातून कायमचा गेला. मागची कुठलीही गोष्ट ते हंगामावरून सांगायचे, रमजानावरून, आंब्यावरून, वेरूळच्या जत्रेवरून. गिऱ्हाईकं थट्टा करायची की चाचा पंचांग झालेत. ते ऐकून घ्यायचे. दाराच्या फळ्या त्यांनी त्याच आठवड्यात भट्टीत घातल्या.

काही महिन्यांनी बिडकिनाहून गणपतचा थोरला भाऊ सोपान आला. जहाजाच्या कंपनीकडून त्याला कळवण्यात आलं होतं की गणपत बेपत्ता आहे, गेला असंच धरावं. सोपान काही वाईट माणूस नव्हता. भावाचा देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, दहावं-तेरावं करावं, म्हणजे त्याला गती मिळेल, एवढंच त्याचं म्हणणं. पण चंद्रभागा पुतळा जाळू देईना, कुंकू पुसू देईना. शेवटी सोपाननं गल्लीतली चार वडीलधारी माणसं जमवली आणि सगळे चाचांच्या बिनदाराच्या घरापुढं येऊन बसले. चाचा बोलतील तसं ती ऐकेल, हे त्याला ठाऊक होतं.

"चाचा, तुमी फकस्त म्हना, गनपत गेला. येक शबूद. माजा भाऊ तकडं असाच लोंबतोय."

चाचांनी हाताचं पीठ धुतलं, पुसलं. म्हणाले, "सोपान, मेरे दिल कू पूछा तो दिल बोलता, नहीं रहा. रोज बोलता. मगर दिल उस बोट में नहीं था. आँखाँ थे. आँखाँ ने देखा सो मैं सौ बार बोलूँगा. नहीं देखा सो एक बार भी नहीं."

"अवो, पन समद्यांलाच दिसतंय ना!"

"मेरे लिए उसने दरवाजा तोड़ा. मैं उसका दरवाजा कैसे बंद करूँ?"

सोपान ढसढसा रडला. चाचांनी त्याला जवळ घेतलं, पण शब्द काही दिला नाही. मग ते उंबऱ्याशी उभ्या असलेल्या चंद्रभागेकडं वळले. "बेटी, तू कुंकू रख, पुस, जो तेरा दिल. मेरे मुँह पे मत ठेव. मैं तेरे लिए झूठ नहीं बोल सकता, और तेरे कू बाँध के भी नहीं रख सकता."

ती म्हणाली, "तुमी न्हाई म्हनत तवर मी बी न्हाई पुसत."

खरं सांगते, मला तेव्हा चाचांचा भयंकर राग आला. एका शब्दानं पोरीची सुटका होत होती. तरणीताठी बाई, अशी अधांतरी किती दिवस ठेवायची? मी यजमानांशी भांडले, चाचांशी दोन दिवस बोलले नाही. ते मात्र रोजच्यासारखं रस्त्यापलीकडून खमिराचं सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी मीच विरघळले. त्या माणसावर रागावून राहणं जमायचंच नाही.

चंद्रभागा गल्लीतच राहिली. हिमरूचं रेशमी कापड विणणाऱ्यांकडं रेशीम उकलायला जायची. येताजाता चाचांच्या चौकटीशी थांबायची. रोज नाही, मनात दाटून आलं की. म्हणायची, "चाचा, सांगा."

आणि चाचा सांगायचे. भट्टीत रोट्या असोत, गिऱ्हाईक उभं असो, ते हात धुऊन, टोपी नीट करून खाटेवर बसायचे आणि पहिल्यापासून सांगायचे. कणीक, आदळलेली भांडी, दार, फावडं, पाठीवरचा हात, पटका. मी ते खिडकीतून किती वेळा ऐकलं असेल! एकही शब्द इकडचा तिकडे होत नसे. दुसरा कुणी असता तर तिला बरं वाटावं म्हणून हळूहळू त्यात भर घातली असती. लांबून दुसरं जहाज येताना दिसलं, एखादं बेट दिसलं. किंवा कंटाळून थोडक्यात उरकलं असतं. चाचांनी ना रंगवलं ना उरकलं. दर खेपेला घाम फुटायचा त्यांना. रोट्या जळायच्या. शेवटी ते म्हणायचे, "इतनाच देखा." ती मान हलवायची आणि घरी जायची, जाताना तिचं पाऊल हलकं पडलेलं असायचं. मला हळूहळू कळलं की तिला उत्तर नको होतं. नवऱ्याला पुन्हा एकदा बोटीत उभं राहिलेलं पाहायचं होतं, आणि ते दाखवणारा जगात एकच माणूस होता.

पुढचे दिवस बरे नव्हते. निजामाचं राज्य राहणार की जाणार याची कुजबुज सुरू झाली, गल्लीतली माणसं एकमेकांकडं जपून पाहू लागली. आमची हिंदूंची दारं लवकर लागायची, मुसलमानांचीही. चाचांचं घर तेवढं होतं तसं उघडं. सोपान येऊन सांगून गेला, "वैनी, तिला म्हनावं, आता तकडं जात जाऊ नगं." मी सांगितलं. चंद्रभागा म्हणाली, "त्याहीच्या घराला दारच न्हाई, मंग बंद काय करायचं?" आणि गेली.

त्या हिवाळ्यात चाचांची छाती भरली. पुतण्यानं भट्टी सांभाळली. हकिमांनी बोलू नका म्हणून बजावलं होतं. मी वाटीत काढा घेऊन गेले, तेव्हा चंद्रभागा पायथ्याशी बसली होती. ती काही विचारत नव्हती. चाचाच तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी पुतण्याला खूण केली, त्यानं ओल्या फडक्यानं त्यांचे हात पुसले, टोपी घातली. आणि त्यांनी सुरू केलं. "शाम का वखत था... मैं आटा गूँध रहा था..."

"ऱ्हाऊ द्या, चाचा. मला पाठ हाय," ती म्हणाली.

त्यांनी बोट वर केलं. थांब. एकेका शब्दाला श्वास पुरत नव्हता, तरी दार आलं, फावडं आलं, पाठीवरचा हात आला. पटक्याशी येऊन त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत आम्ही तिघं थांबलो. "चाचा, मी हितं हाय," हे ते नेहमी गणपतच्याच मराठीत म्हणायचे, तसं म्हणाले. मग डोळे मिटून, "इतनाच." 'देखा' म्हणायला बळ राहिलं नाही. मी पाहिलेले शेवटचे चाचा ते.

दुसऱ्या दिवशी जनाजा निघाला. त्या दिवसांत आमच्या बाजूचं कुणी रस्त्यावर उतरायला धजत नव्हतं. यजमान मात्र कोट घालून गेले आणि खांदा देऊन आले. मी दारात उभी होते. चंद्रभागा खोलीतून बाहेर आली, नेहमीसारखं कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली. जनाजा तिच्याजवळून पुढं गेला. कोपऱ्यावर वळला. मग तिनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि सगळ्यांदेखत कुंकू पुसलं.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "अगं, हे काय? आज? इतकी वर्षं नाही पुसलंस, आणि आज कुणासाठी?"

ती रडत नव्हती. कोपऱ्याकडंच बघत म्हणाली, "वैनी, आता इचारू कुनाला?"